तोलाई

शेवटच्या पानावर, संदर्भसूचीच्या वर,
एक ओळ रिकामी आहे.
हितसंबंध असल्यास जाहीर करावेत.
असल्यास.

डॉक्टर मगदूम म्हणाले, "नाहीत" टाका, पाठवून द्या,
साडेपाचला पोर्टल बंद होतंय.
आणि राउंडला गेले.
त्यांचा अर्धा चहा कॉम्प्युटरशेजारी,
कपावर हिरवं पान,
कुपवाडच्या कारखान्याची खूण.

माझं काम आकड्यांचं.
एकशे सव्वीस माणसं, दोनशे बावन्न गुडघे.
(गुडघे वेगळे मोजायचे नसतात, हे मीच सरांना सांगितलं.
तेवढं त्यांनी ऐकलं.)
सहा महिने, सकाळ-संध्याकाळ एक पिवळी कॅप्सूल,
निम्म्यांना तसल्याच पिवळ्या रंगात नुसतं मक्याचं पीठ.
अकरा जण मधूनच गेले, पोटात आग पडते म्हणून.
ते तक्त्यात नाहीत.
खाली बारीक टीप आहे: पाठपुरावा होऊ शकला नाही.
होऊ शकला असता.
त्यातले तिघे मिरजेत आमच्याच बोळात राहतात.

आमचे अण्णा सांगलीच्या यार्डात तोलाईला होते.
हळदीचा सौदा तेव्हा पंचाखाली व्हायचा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
वर मळका पंचा,
आत बोटं बोलायची.
ज्याचा माल तो समोरच, आपल्याच पोत्यावर,
कापड कसं हलतंय तेवढं बघत.
अण्णांना सुरकुत्यांवरून भाव कळायचा.
मग सांगत का नव्हता, मी विचारलं होतं, नववीत असताना.
ते हात धूत होते.
पिवळं पाणी मोरीतून जाईपर्यंत गप्प राहिले.
मग म्हणाले, तोलणाऱ्यानं तोलावं.

तर, आहेत ते असे.
अठरा लाख, "अनुदान" म्हणून, एका ट्रस्टकडून.
ट्रस्टचा पत्ता आणि कारखान्याचा पत्ता एकच,
फक्त गेट दुसरं.
डॉक्टरांच्या मेव्हण्याचा तिथं चार आणे हिस्सा.
ओपीडीतला पाण्याचा कूलर.
माझं कोचीचं विमान, जाणं-येणं,
खिडकीची जागा, पहिल्यांदाच.
माझा भाऊ सुकुमार तिथंच पॅकिंगला, दुसऱ्या पाळीत.
दिवाळीला मिळालेला कुकर, पाच लिटरचा.
चांगला आहे. अजून शिट्टी नीट देतो.

कुकरनं कुणाचा गुडघा बरा होतो का?
एकही आकडा मी ढकलला नाही.
अकरा जण निघाले होते,
मी फक्त दार उघडून धरलं.

पहिल्या आठवड्यात संमतीपत्र वाचून दाखवत होते
कवठेपिरानच्या अक्काताई कोळ्यांना.
सगळं ऐकून घेतलं, अंगठ्याला शाई लावली,
आणि कागदावर टेकायच्या आधी थांबल्या.
"बाई, ही गोळी कुणाची वं?"
हळदीची आहे, आजी.
"हळदीची न्हवं. कुणाची?"
स्थळ बघायला आल्यावर विचारतात तसं,
घराणं विचारत होत्या.
मी म्हटलं, डॉक्टरांची.
मग त्यांनी अंगठा उठवला.

क्रमांक सदुसष्ट.
अकरातली एक.

पाच सत्तावीस.
मी "नाहीत" खोडते.
कुकरपासून सुरुवात करते, ते सगळ्यात सोपं,
मग भाऊ, मग खिडकीची जागा,
मग ट्रस्टचं दुसरं गेट.
मग ते अकरा. ते इथं लिहायचे नसतात, तरी.
चौकट अक्षरं मोजते आहे,
उरली चाळीस, उरली बारा,
मेव्हण्याच्या "मे"पाशी अडते.
वरचं काही पुसून जागा करावी लागेल.
काय पुसू?

जिन्यात बूट वाजतायत.
बोटं कीबोर्डवर,
वर पंचा नाही.